टाहोला न्या, पण घर दाखवायला न्या : बे एरियातल्या मुला-मुलींना खुलं पत्र

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या समस्त मराठी लेकी, सुना, मुलगे आणि जावई यांना,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, उन्हाळा आला. कराड, जळगाव, डोंबिवलीहून तुमचे आई-बाप बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि गुडघ्याचे पट्टे भरून निघालेत. सहा महिने तुमच्याकडे राहतील. त्यातल्या कुठल्या तरी शनिवारी पहाटे पाचला तुम्ही त्यांना अर्धवट झोपेत गाडीत बसवाल आणि लेक टाहो, म्हणजे कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरचं डोंगरातलं मोठं तळं, दाखवायला न्याल. हे सगळं ठरलेलंच असतं. माझी विनंती फक्त त्या शनिवारापुरती आहे.

सांगणारा मी कोण? सार्वजनिक बांधकाम खात्यातला निवृत्त शाखा अभियंता. नोकरीतली बरीच वर्षं सरकारी विश्रामगृहं सांभाळण्यात गेली. साहेबाच्या काळातले बंगले, त्यांची कौलं दर उन्हाळ्यात चाळायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे, आणि मंत्री येणार म्हटलं की रातोरात चुना मारायचा. त्यामुळे जुनं घर दिसलं की माझा हात आपोआप भिंतीवर जातो. अमेरिकेत या सवयीमुळे दोनदा बोलणी खाल्ली, ते पुढे येईलच.

आधी पहिल्या खेपेची हकिगत. लेक फ्रीमाँटला राहते. तिथून टाहो साधारण दोनशे मैल. "एका दिवसात होतं बाबा, सगळे तसंच करतात." निघालो. साउथ लेक टाहो गाव मागे पडलं आणि ८९ नंबरचा रस्ता चढणीला लागला. वळणं अगदी आंबेनळी घाटासारखी, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसता आ वासलेला उतार. एका वळणावर गाड्यांची ही झुंबड! जावईबापूंनी आम्हाला उतरवलं आणि ते गाडी लावायला जागा शोधत पुढे गेले. कठड्यापाशी जाऊन बघतो तर खाली एमराल्ड बे, टाहोचीच एक खाडी. नावाप्रमाणे पाचूच. मधोमध इवलंसं खडकाळ बेट, त्याच्या माथ्यावर एका दगडी खोलीच्या उभ्या भिंती. जवळच एक वाट खाली उतरत होती आणि तिच्या तोंडाशी पाटी होती : व्हायकिंग्सहोम.

"हे काय गं?"

"काही नाही बाबा, कुणा श्रीमंत बाईचं जुनं घर आहे. मैलभर खाली उतरावं लागतं. आपल्याला वेळ नाहीये."

तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला की कुठेच जागा नाही, मी फेऱ्या मारतोय, चला लवकर. फोटो निघाला. त्यात सौ.चे डोळे मिटलेले आहेत. सगळं मिळून पंधरा मिनिटं. रात्री अकराला फ्रीमाँटला पोचलो. मराठीत टाहो कशाला म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री माझ्या कमरेनं तो फोडला.

लेकीवर राग नव्हता. आठवडाभर कामाला जुंपलेली पोरं, सुटीचा एक दिवस आमच्यासाठी काढतात, याची जाण आहे. पण माझ्या डोक्यातून ते "काही नाही" गेलं नाही. घर आहे आणि "काही नाही"? चौतीस वर्षं मी घरांच्याच मागे काढली.

दुसऱ्या खेपेला मी हट्टच धरला. लास वेगस नको, डिस्नेलँड नको, मॉल तर नकोच नको. टाहोला दोन रात्री राहू आणि ते घर आतून बघू. लेकीनं मधल्या वारी सुट्टी काढली. सकाळी आठच्या आत गाडी त्या वळणावर पोचली, तेव्हा कुठे पार्किंगला जागा मिळाली. शनिवार-रविवारी तिथे जागा शोधणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली शोधणं.

वाट मैलभराची आहे, पण उतार चारशे-पाचशे फुटांचा. जाताना मजेत जातो माणूस. येताना तेच पाचशे फूट चढायचे, म्हणजे चाळीस-पन्नास मजले. शिवाय मुळात तळ्याचं पाणीच समुद्रसपाटीपासून सव्वासहा हजार फुटांवर आहे. कळसूबाईचा माथासुद्धा त्याच्या आठशे फूट खाली राहील. सपाटीवर राहणाऱ्या रक्तदाबवाल्याला तिथे चार पावलांत धाप लागते, आणि आपण म्हातारे झालो असं त्याला उगाच वाटतं. सौ.चे गुडघे बघून ती आणि जावईबापू वरच थांबले. मी आणि लेक उतरलो.

खाली पोचल्यावर पहिल्यांदा दिसलं ते छप्पर. घराच्या दोन्ही बाजूंच्या पाखांवर चक्क माती टाकलेली आणि त्यावर गवत, रानफुलं. चौतीस वर्षं ज्यानं गळक्या छपरांशी मारामारी केली, त्याला मातीचं छप्पर दाखवणं म्हणजे काय, तुम्हीच समजा. मी मान वर करून वळचणीकडेच बघत राहिलो. भिंती अनघड ग्रॅनाइटच्या, आपल्याकडच्या डबराच्या बांधकामासारख्या. लाकडावर तासल्याच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवलेल्या. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे हातानं घडवलेले लोखंडी. आढ्याच्या टोकांना कोरलेले ड्रॅगन. मी एका तुळईवर हात ठेवला आणि गाइड मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, प्लीज." हे पहिलं बोलणं.

आणि आता मुद्द्याचं. गाइड मुलगी एका खोलीत चांगली सात-आठ मिनिटं बोलली. तिचं इंग्रजी भरभर, माझे कान जुने. लोक हसले, मी पण हसलो. मग लेकीकडे वळून विचारलं, "काय म्हणाली?"

"ही दिवाणखान्याची खोली आहे म्हणाली."

आठ मिनिटांत एवढंच? मी तिथेच उभा राहिलो. म्हटलं, "बाळ, तुला पाचवीला भूमितीचं प्रमेय शिकवताना मी 'हा त्रिकोण आहे' एवढं सांगून उठलो होतो का? सगळं सांग." ती जरा ओशाळली. मग पुढच्या खोलीपासून गाइडला थांबवून, प्रश्न विचारून, तिनं मला सगळं सांगितलं. आणि मुलांनो, मजा अशी की दहा वर्षं कॅलिफोर्नियात राहून तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढचा तास आम्ही दोघांनी मिळून ते घर पाहिलं. मला अमेरिकेतले सहा महिने आठवले की आधी तो तास आठवतो.

लेकीनं सांगितलेलं तुम्हालाही सांगतो, म्हणजे तुमची पूर्वतयारी होईल.

घर बांधणाऱ्या बाईंचं नाव लोरा जोसेफिन नाइट. पैसा अफाट. १९२८ साली त्यांनी एमराल्ड बेच्या टोकाची ही जमीन अडीच लाख डॉलरला घेतली. खाडीचा आकार बघून त्यांना नॉर्वेतले फियोर्ड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, आठवले. मग त्या आपल्या नात्यातल्या लेनर्ट पाम या स्वीडनमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारदाला घेऊन उत्तर युरोपात हिंडल्या. जुनी लाकडी चर्च, दगडी गढ्या, शेतकऱ्यांची घरं पाहून आल्या आणि पामना म्हणाल्या, असं घर बांध, पण जागेवरचं एकही मोठं झाड तुटता कामा नये. नकाशा झाडांच्या मधून फिरवला. १९२९च्या एका उन्हाळ्यात दोनशे कामगारांनी अडतीस खोल्यांचं घर उभं केलं, सप्टेंबरात काम पुरं. दगड आणि लाकूड बहुतेक सगळं टाहोच्याच खोऱ्यातलं. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, म्हणजे थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. एका उन्हाळ्यात अडतीस खोल्या! आमच्या खात्यात तेवढ्या वेळात निविदेची दुसरी मुदतवाढ निघते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सामानाची आहे. बाईंना तिकडच्या संग्रहालयांतल्या काही जुन्या वस्तू हव्या होत्या. त्या देशांनी साफ नकार दिला, वारसा देशाबाहेर जाणार नाही म्हणाले. मग बाईंनी कारागिरांकडून हुबेहूब नकला करून घेतल्या. मापं, रंग, लाकूड तेच. आणि मूळ वस्तूवर वापरून पडलेले ओरखडेसुद्धा नकलेवर जसेच्या तसे. लेक हे सांगताना हसत होती. मी नाही हसलो. ओरखड्यापर्यंत बघणारा मालक मिळणं हे कारागिराचं भाग्य असतं. आम्हाला मिळाले ते "रंग मारा, चालेल" म्हणणारे.

बेटावरची ती दगडी खोली म्हणजे बाईंचं चहाघर. पाहुण्यांना होडीतून तिथे न्यायच्या आणि शेकोटीपाशी चहा पाजायच्या. टाहोतलं हे एकमेव बेट, नाव फॅनेट. आता तिथे नुसत्या भिंती उरल्यात. पण त्या बेटाची खरी गोष्ट बाईंच्या आधीची आहे. १८६०च्या दशकात घोडागाड्यांचा बडा ठेकेदार बेन हॉलिडे यानं या खाडीवर पहिला बंगला बांधला. त्याचा राखणदार म्हणून डिक बार्टर नावाचा एक इंग्रज खलाशी एकटाच राहायचा. कडाक्याच्या हिवाळ्यातसुद्धा. त्यानं त्या बेटावर स्वतःसाठी कबर खोदून ठेवली होती, एक छोटं प्रार्थनाघरही बांधलं होतं. १८७३ साली त्याची होडी वादळात बुडाली. प्रेत कधीच मिळालं नाही. कबर रिकामीच राहिली. लेक हे सांगताना मध्येच थांबली आणि पाण्याकडे बघत राहिली. मीही.

बाई पंधरा उन्हाळे तिथे राहिल्या, १९४५ साली गेल्या. घर दोन हात फिरून हार्वे वेस्ट या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे आलं. त्याला ते तोडून हॉटेल बांधता आलं असतं. त्यानं १९५३ मध्ये जमीन निम्म्या किमतीत कॅलिफोर्निया राज्याला दिली आणि घर फुकट. म्हणून आज मी आणि तुम्ही आत जाऊ शकतो. आमच्याकडे वाडा म्हटला की आधी भावकी, मग कोर्ट, मग बिल्डर. हा क्रम चुकलेला मी फार थोडा पाहिलाय.

वर चढून यायला मला सव्वा तास लागला, पाच ठिकाणी बसलो. वर सौ. विचारते, "काय होतं एवढं?" मी "काही नाही" म्हणणार होतो, जीभ चावली. संध्याकाळभर तिला सांगत होतो. पण ऐकलेलं घर आणि पाहिलेलं घर यात फरक पडतोच. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

म्हणून दुसरा दिवस. आणि ज्यांच्या आई-बाबांचे गुडघे गेलेत त्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

त्याच ८९ रस्त्यानं उत्तरेला अर्ध्या तासाच्या आत टाहोमा गावाजवळ दुसरं राज्य उद्यान आहे. पाटीवर एड झीबर्ग शुगर पाइन पॉइंट असं लांबलचक नाव आहे, लोक शुगर पाइन पॉइंट म्हणतात. तिथेही तळ्याकाठी जुना बंगला आहे, आणि गाडी लावली की थोडं चालून, बिनाउताराचं, थेट हिरवळीवर. गर्दी त्या वळणाच्या मानानं काहीच नाही. सौ. काठी टेकत गेली आणि पाण्याकडे तोंड करून असलेल्या रुंद ओसरीच्या पायरीवर बसली. तासभर उठली नाही. मी म्हटलं टूर सुरू होतेय. म्हणाली, "होऊ दे, पुढची घेऊ." आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, "पुढची घेऊ" मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

हा बंगला १९०३चा. मालक आयझायस हेलमन. जर्मनीतल्या बव्हेरियाहून १८५९ साली पोरवयात लॉस एंजेलिसला आलेला. कापडाचं दुकान टाकलं. दुकानात एक भक्कम तिजोरी होती, लोक आपलं सोनं तिच्यात ठेवायला द्यायचे. ठेवीतून पेढी झाली, पेढीतून बँक, आणि शेवटी हा माणूस वेल्स फार्गो बँकेचा प्रमुख झाला. तुमच्यातल्या कित्येकांचं गृहकर्ज त्याच नावाच्या बँकेत असेल, तेव्हा तिच्या एका जुन्या प्रमुखाचं घर बघायला हरकत नसावी. त्याच्यानंतर मुलगी फ्लोरेन्स आणि जावई सिडनी एरमन यांच्याकडे बंगला आला, आणि १९६५ मध्ये राज्यानं तो विकत घेतला. तीन मजले, कोपऱ्यांवर गोल बुरूज, खालचा भाग दगडी. व्हायकिंग्सहोमसारखा नाट्यमय नाही. पण उन्हाळ्यात राहायला कुठलं घेशील असं कुणी विचारलं तर मी हेच घेईन. हवा आरपार खेळते, ओसरी सावलीत. (इथे दगडावर हात ठेवला, दुसरं बोलणं.)

या घराच्या वास्तुविशारदाचं नाव वॉल्टर डॅनफर्थ ब्लिस. त्याचा बाप ड्युएन ब्लिस म्हणजे टाहोच्या जंगलाचा काळ. नेवाड्यात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींना टेकू लागायचे, म्हणून १८७३ पासून त्याच्या कंपनीनं टाहोभोवतीचं जंगल धडाधड पाडलं. पंचवीस-तीस वर्षांत डोंगर बोडके. मग लाकूड संपलं तसा धंदा बदलला. त्याच घराण्यानं पर्यटकांसाठी आगबोट आणि छोटी रेल्वे आणली, मुलानं श्रीमंतांचे बंगले काढले, आणि १९२९ साली कुटुंबानं ७४४ एकर जमीन राज्याला दान दिली. एमराल्ड बेला लागून असलेलं डी. एल. ब्लिस उद्यान ते हेच. आज आपण "काय घनदाट जंगल!" म्हणून फोटो काढतो ती बरीचशी झाडं तोडीनंतर पुन्हा उगवलेली आहेत. कोयनेच्या खोऱ्यात नोकरी काढलेल्या माणसाला या हिशोबाचं काय करावं ते कळत नाही. शिव्या द्याव्यात तर दान दिलंय, हात जोडावेत तर आधी कापलंय.

आणि या सगळ्यांच्या आधी वाशो लोक, इथले मूळ रहिवासी. हजारो वर्षं दर उन्हाळ्यात ते या काठावर यायचे, मासे धरायचे, हिवाळ्याआधी खाली उतरायचे. त्यांच्या भाषेत तळ्याला "दा आव" असं काहीसं म्हणतात, गोऱ्यांच्या कानानं त्याचा टाहो केला. म्हणजे लेक टाहो म्हणजे तळं तळं. आपण गोल सर्कल म्हणतो तसंच. काठावर काही ठिकाणी खडकात त्यांनी दाणे कुटायला पाडलेले खळगे अजून आहेत. सौ.नं त्यांचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे तर उखळ!" बंगल्यांच्या कहाण्या तिला मला सांगाव्या लागल्या, ही तिला सांगावी लागली नाही.

पाण्याबद्दल चार ओळी लिहितो, नाहीतर माझ्यातला अभियंता रुसेल. टाहो कमाल १,६४५ फूट खोल आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. आकडा जवळजवळ तोच, मीटरच्या जागी फूट. त्रेसष्ट ओढे-नद्या आत येतात, बाहेर जाते एकटी ट्रकी नदी, आणि तीसुद्धा समुद्राला न मिळता नेवाड्यातल्या पिरॅमिड लेकमध्ये संपते. जिथून ती निघते त्या टाहो सिटीत १९१३ साली पुरं झालेलं एक बुटकं धरण आहे. सतरा दरवाजे. एवढ्या प्रचंड तळ्याचं फक्त वरचं सहा फूट पाणी त्या धरणाच्या ताब्यात, बाकी सगळं देवाचं. "कोयनेचे सहा दरवाजे उघडले" ही बातमी दर पावसाळ्यात ऐकणारा माणूस मी. त्या सतरा दरवाजांच्या पुलावर मी अर्धा तास उभा होतो, आणि जावईबापू बिचारे न कंटाळल्याचं दाखवत होते.

पाणी किती स्वच्छ ते मोजायला तिथे पांढरी थाळी बुडवतात आणि ती दिसेनाशी कुठे होते ते बघतात. १९६८ मध्ये वर्षाची सरासरी १०२ फूट होती. अलीकडच्या वर्षांत साठ-सत्तर फुटांच्या आसपास आली आहे. कारणांत मोठा वाटा रस्त्यांचा : हिवाळ्यात बर्फावर टाकलेली वाळू चाकांखाली दळली जाते आणि तिचं पीठ पाण्यात उतरतं. म्हणजे त्या वळणावर पार्किंग शोधत घिरट्या घालणाऱ्या आपल्या गाड्याही यात आल्याच. हे मी रस्ते बांधून पेन्शन खाणारा माणूस लिहितोय, तेव्हा कुणाला टोचलं तर माझ्या नावावर मांडा.

तर मुलांनो, मागणं काय? दहा ठिकाणांची यादी करू नका. तुमच्या त्या एक्सेल शीटमध्ये आमच्यासाठी सकाळी आठ ते रात्री अकरा रकाने भरलेले असतात, आणि आम्ही परत गेल्यावर कट्ट्यावर "टाहो पाहिलं" एवढं सांगून गप्प बसतो, कारण पुढे सांगायला काही नसतं. एक घर दाखवा. जमलं तर मधल्या वारी, नाही जमलं तर शनिवारी भल्या पहाटे. एक रात्र तरी राहा. गुडघे धड असतील तर व्हायकिंग्सहोम, नसतील तर शुगर पाइन. आई-बाबांना विचारा, पण त्यांच्या "आम्ही चालू की" वर विश्वास ठेवू नका. तुमच्यासमोर आम्ही एव्हरेस्टही चढू म्हणतो. घरं आतून बघायची टूर फक्त उन्हाळी महिन्यांत असते, पार्किंगचे पैसे वेगळे आणि टूरचे वेगळे. तिकिटाचा आकडा आमच्यासमोर मोठ्यानं वाचू नका. आम्ही त्याला रुपयांनी गुणतो आणि मग "आम्ही बाहेर बसतो, तुम्ही बघून या" सुरू होतं.

आणि आत गेल्यावर भाषांतर करा. पूर्ण करा. गाइड आठ मिनिटं बोलली तर आम्हाला निदान पाच मिनिटं द्या. आम्हाला इंग्रजी येत नाही असं नाही. माझ्या पिढीनं इंग्रजीतच टिपणं लिहिली. पण त्या वेगानं, त्या उच्चारांनी कानावर आलं की निम्मं सांडतं, आणि पुन्हा पुन्हा "काय म्हणाली?" विचारायची लाज वाटते. लहानपणी तुम्ही एसटीच्या खिडकीतून "बाबा, ते काय?" असं दर दोन मिनिटांनी विचारायचात. मी एकदाही "काही नाही" म्हटल्याचं आठवत नाही. म्हटलं असेन तर तेही आत्ता वळतं करून घ्या.

निघताना सौ.ला हिरवळीच्या कडेला शुगर पाइनचं एक बोंड सापडलं, हातभर लांब. पाइनांच्या जातीत याच्यापेक्षा लांब बोंड कुणाचं नाही. तिला ते कराडला न्यायचं होतं, दिवाणखान्यात ठेवायला. लेक म्हणाली, आई, इथलं काही उचलून न्यायचं नसतं. सौ. माघारी गेली आणि ते जिथे होतं तिथेच, त्याच अंगानं ठेवून आली. मग पुन्हा जाऊन थोडं वळवलं. आधी असंच होतं म्हणाली.

तुमचा,
कराडचा एक निवृत्त बाप
(सध्या मुक्काम फ्रीमाँट)

ता. क. थालीपिठं, लाडू, लोणचं, काहीही गाडीत ठेवून घर बघायला जाऊ नका. तिथे अस्वलं आहेत आणि त्यांना गाडीचं दार उघडता येतं. उद्यानात खाण्याचं सामान ठेवायला लोखंडी पेट्या असतात, त्यात ठेवा. आमचा डबा पेटीत होता म्हणून वाचला. शेजारच्या कुटुंबाची चिवड्याची पिशवी सीटखाली राहिली होती. त्या सीटचं पुढे काय झालं ते मी त्यांच्या देखत लिहीत नाही, तेही हे पत्र वाचतील.